जाम झालेलं जुनं फिशिंग रील भंगारात टाकताय? आधी एकदा उघडून बघा

रील म्हटलं की आज सगळ्यात आधी मोबाईल आठवतो. पण हा शब्द मोबाईलच्या कितीतरी आधीपासून खाडीच्या धक्क्यावर बसलेला आहे.

तिथलं रील म्हणजे मासे धरायच्या रॉडला लावलेलं, दोरा गुंडाळायचं छोटं यंत्र. कोकणात किंवा गोव्यात संध्याकाळी एखाद्या धक्क्यावर गेलात तर रॉड घेऊन उभी असलेली चार माणसं दिसतीलच. आणि त्यातल्या कुणाच्या तरी माळ्यावर एखादं जुनं, जड, लोखंडाच्या गोळ्यासारखं वाटणारं रील पडून असतं. काकांनी आखातातून आणलेलं, नाहीतर कुणी बोटीवर नोकरीला असताना परदेशी बंदरात घेतलेलं. हँडल फिरवायला गेलं तर फिरत नाही. फिरलंच तर आतून जात्यासारखी घरघर येते. मग घरात निकाल लागतो, "गेलं हे. टाकून दे."

थांबा. अशा रीलमध्ये बऱ्याचदा एकही भाग मोडलेला नसतो. कित्येक वर्षांपूर्वी घातलेलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं आणि त्याने आतलं सगळं धरून ठेवलेलं असतं. खरी मोडतोड त्यानंतर होते, कुणीतरी "जोर लावला की सुटेल" म्हणत हँडल पिळतं तेव्हा.

म्हणून पहिला नियम आत्ताच लक्षात ठेवा. अडलेलं हँडल जबरदस्तीने फिरवायचं नाही. जुन्या रीलचे गिअर आता बनत नाहीत. एक दात तुटला की तसंच दुसरं रील शोधून त्याचा गिअर काढण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

सूतगिरणीतून आलेली आयडिया

उघडण्याआधी हे यंत्र चालतं कसं ते समजून घेऊ.

जुन्या पद्धतीच्या रीलमध्ये गळ फेकला की दोऱ्याची चकरी स्वतः गरगर फिरायची. फेक संपली तरी चकरी फिरतच राहिली की दोऱ्याचा गुंता ठरलेला. यावर तोडगा काढला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका गिरणीमालकाने. त्याचं नाव आल्फ्रेड इलिंगवर्थ. गिरणीत सूत सुटताना दोरा बॉबिनच्या टोकावरून निघतो आणि बॉबिन जागची हलत नाही, हे तो रोज बघत होता. तीच कल्पना त्याने रीलमध्ये आणली आणि १९०५ साली पेटंट घेतलं.

शिलाईच्या दोऱ्याचं रीळ उभं धरा आणि दोरा वरच्या टोकावरून ओढा. रीळ फिरत नाही, दोरा मात्र सरसर सुटतो. स्पिनिंग रीलचं मूळ तत्त्व एवढंच आहे.

दोरा परत गुंडाळायचा तर? स्पूल स्थिर आहे, म्हणून दोऱ्याला स्पूलभोवती फिरावं लागतं. हँडल फिरवलं की आतला मोठा गिअर फिरतो. तो पिनियन नावाच्या छोट्या गिअरला फिरवतो. पिनियनला जोडलेला असतो रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा बाहेरचा भाग. रोटरवर तारेची कमान असते, तिला बेल म्हणतात. ती दोरा पकडून स्पूलभोवती फिरवते. त्याच वेळी आतली दुसरी यंत्रणा स्पूलला हळूहळू पुढेमागे सरकवते, म्हणजे दोरा एकाच जागी न साचता सगळीकडे सारखा बसतो.

यात आणखी दोन गोष्टी मिळवा. एक ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा तुटण्याआधी स्पूलला थोडं घसरू देणारा ब्रेक. दुसरा उलटा न फिरू देणारा खटका. झालं, रील पूर्ण झालं.

घड्याळवाल्यांच्या गावचं रील

जुन्या स्पिनिंग रीलमध्ये जगभर सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे मिचेल ३००. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्ल्यूझ नावाचं गाव आहे. १८४८ साली तिथे घड्याळ बनवायला शिकवणारी शाळा निघाली आणि सगळा परिसर बारीक यंत्रकामासाठी नावाजला. याच गावातल्या कार्पानो ए पाँस कंपनीने मिचेल रील बनवलं. त्याचं डिझाईन मॉरिस जाकमँ यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर गार्सिया या कंपनीने ते अमेरिकेत विकायला घेतलं आणि पुढची काही दशकं ते लाखोंनी खपलं. म्हणून अनेक नगांवर "गार्सिया मिचेल" असं लिहिलेलं सापडतं.

ओळखायचं कसं? बॉडी अंड्यासारखी गोलसर, बहुतेक काळी, बाजूच्या झाकणावर नाव. ३०० चं हँडल डाव्या बाजूला असतं, ३०१ चं उजव्या. रॉडवर बसणाऱ्या पायावर सिरीयल नंबर असतो, त्यावरून जाणकार बनावटीचा काळ ओळखतात.

नंतरच्या ३०० मध्ये प्लॅनामॅटिक नावाची यंत्रणा आली. यात एका गिअरभोवती दुसरा छोटा गिअर ग्रहासारखा फिरतो. त्यामुळे स्पूलची पुढेमागे सरकण्याची चाल दर फेऱ्याला थोडी बदलते. दोऱ्याचे वेढे एकमेकांवर आडवे पडतात आणि ताण आला तरी वरचा वेढा खालच्यात रुतत नाही.

असं बारीक जुळवलेलं यंत्र नीट राहिलं तर पिढ्यानपिढ्या चालतं. पण दोन भागांमधली फट जेवढी कमी, तेवढं थोडंसं घट्ट ग्रीससुद्धा ते अडवायला पुरतं.

ग्रीसचा डिंक कसा होतो?

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ. स्पंज आणि पाणी डोळ्यापुढे आणा. वंगणाचं काम तेल करतं, घट्ट पदार्थ त्याला फक्त जागेवर ठेवतो. वर्षं जातात तसं तेल झिरपतं, उडतं, हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट होतं. मागे राहतो सुकलेला चोथा. त्यात धूळ आणि धातूचा कीस मिसळला की वंगणाच्या जागी घासायचा लेप तयार होतो.

समुद्रावर वापरलेलं रील असेल तर मीठही आलं. मीठ हवेतली ओल खेचून घेतं. खारट ओल, ॲल्युमिनियमची बॉडी आणि तिला टेकलेले पितळेचे किंवा स्टीलचे भाग एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातसुद्धा हे चालू राहतं.

रील उघडल्यावर काय झालंय ते रंगावरूनच कळतं:

- तपकिरी किंवा काळा चिकटा: जुनं ग्रीस. काळजी नको, धुतलं की निघतं.
- हिरवट थर: पितळेवरचा गंज. वरवर असेल तर ब्रशने जातो.
- पांढरी भुकटी: ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. किती खोल गेलंय ते बघा.
- लाल-तपकिरी खवले: लोखंडाचा गंज. स्प्रिंग, स्क्रू आणि बेअरिंग नीट तपासा.

पहिले दोन दिसले तर रील जवळपास वाचलंच म्हणा. शेवटचे दोन दिसले तरी लगेच हार मानू नका, पण काम सावकाश करा.

उघडण्याआधीची तयारी

महागडी अवजारं लागत नाहीत. पण स्क्रूच्या खाचेत अगदी बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर मात्र हवाच. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. जाड किंवा सैल टोक घातलं की ते घसरतं आणि स्क्रूचं डोकं खराब होतं. एकदा डोकं गेलं की दोन मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

याशिवाय जुना टूथब्रश, कान साफ करायच्या काड्या, लाकडी टूथपिक, पांढरं फडकं आणि अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या. ट्रेच्या प्रत्येक खळग्यात एक भाग, काढला त्याच क्रमाने ठेवायचा. जोडताना शेवटच्या खळग्यापासून उलटं यायचं.

आणि मोबाईल जवळ ठेवा. प्रत्येक भाग काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. "लक्षात राहील" असं वाटतं, पण दहाव्या वॉशरपर्यंत काही लक्षात राहत नाही. मॉडेलचं नाव टाकून भागांचा नकाशा इंटरनेटवर शोधा. मिचेल ३०० सारख्या लोकप्रिय रीलचे असे नकाशे सहज मिळतात.

उघडायचं कसं?

नियम एकच: जो भाग मोकळा झालाय तोच काढायचा. अडला तर कशाने अडलाय ते आधी शोधायचं.

१. स्पूल काढा. मिचेल ३०० च्या बहुतेक नगांत स्पूलच्या पुढचं मधलं बटण दाबलं की स्पूल सरळ हातात येतो. इतर बऱ्याच रीलमध्ये पुढचा ड्रॅगचा नॉब उघडावा लागतो. स्पूलखाली दांड्यावर वॉशर असतील तर त्यांचा क्रम टिपून ठेवा.

२. हँडल काढा. काही रीलमध्ये ते आट्यांवर बसवलेलं असतं आणि उलटं फिरवून निघतं, काहींत पलीकडच्या बाजूला स्क्रू असतो. नकाशात बघूनच हात लावा.

३. बाजूचं झाकण उघडा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून कुठला कुठून निघाला ते लिहा. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि स्क्रूड्रायव्हर खाली दाबून धरत फिरवा. झाकण चिकटलं असेल तर फटीत धातूचं टोक घालू नका. टूथपिक किंवा प्लास्टिकचं जुनं कार्ड वापरा.

४. गिअर काढा. याआधी गिअर कुठल्या स्थितीत आहेत त्याचा स्पष्ट फोटो हवाच, विशेषतः प्लॅनामॅटिकमध्ये. मोठ्या गिअरच्या मागे कागदासारख्या पातळ चकत्या सापडू शकतात. त्या फालतू समजू नका. दोन गिअरचे दात एकमेकांत किती खोल बसणार हे त्याच ठरवतात. ग्रीसला चिकटून एखादी चकती फडक्यात गेली तर रील जोडल्यावर घरघर करेल आणि कारण सापडणार नाही.

५. रोटर गरज असेल तरच काढा. त्याचा नट काही रीलमध्ये उलट्या आट्यांचा असतो. एका दिशेने हलत नाही म्हणून जोर वाढवण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते नकाशात बघा.

६. बेलच्या स्प्रिंगला उगाच हात लावू नका. कमान "खट" करून बंद होत असेल तर स्प्रिंग आहे तिथेच राहू द्या. जुन्या मिचेलमध्ये ही स्प्रिंग तुटणं हा नेहमीचा आजार आहे. बदलायचीच असेल तर रील पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून काम करा. उडालेली स्प्रिंग पिशवीत राहते, सोफ्याखाली जात नाही.

दोन अंघोळी का लागतात?

ग्रीस पाण्यात विरघळत नाही. मीठ टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही. म्हणून नुसतं टर्पेंटाइन वापरलं तर रील चकचकीत दिसतं, पण मीठ आतच राहतं.

पहिली अंघोळ मिनरल टर्पेंटाइनची. रंगाच्या दुकानात ते मिळतं. धातूचे भाग त्यात बुडवून ठेवा आणि टूथब्रशने घासा. हे काम उघड्या हवेत, गॅस आणि सिगारेटपासून लांब करा. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ फार लवकर पेट घेते. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. भिजलेली फडकीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

दुसरी अंघोळ कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडची. मग साध्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा. लोखंडी भाग ओले ठेवलेत तर डोळ्यांदेखत तांबूस होतील. वाळल्याबरोबर त्यांना तेलाचा हलका हात द्या.

प्लास्टिकचा नॉब आणि रंगवलेली बॉडी थिनर किंवा ॲसिटोनपासून लांब ठेवा. कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर तर अजिबात नकोत, ते ॲल्युमिनियमच खातात. आणि पॉलिश करून रील आरशासारखं करायचा मोह टाळा. जुना मूळ रंग घासून काढला की तो परत येत नाही आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही उतरते.

ग्रीस किती घालायचं?

सर्व्हिसिंग बहुतेक वेळा इथेच बिघडतं. "भरपूर घातलं की बरं" असं वाटतं, पण ग्रीसने भरलेलं रील जड फिरतं आणि धूळ धरून ठेवतं. पुढचा डिंक तिथेच तयार होतो.

- गिअरच्या दातांवर चांगल्या लिथियम किंवा मरीन ग्रीसचा पातळ थर. लावल्यावर दातांचा आकार स्पष्ट दिसला पाहिजे.
- बेअरिंग, मधला दांडा, हँडलचा नॉब आणि दोरा जिथून सरकतो तो रोलर फिरणारा असेल तर तो, या सगळ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.
- उलटा न फिरू देणाऱ्या खटक्याला फक्त पातळ तेल. जाड ग्रीस लागलं तर खटका वेळेवर पडत नाही आणि ऐन मासा लागल्यावर हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं.

खोबरेल तेल चालेल का? नाही. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. स्वयंपाकाची इतर तेलंही काही महिन्यांत चिकट होतात. शेंगदाण्याच्या तेलाची जुनी बाटली हाताला कशी लागते ते आठवा.

डब्ल्यूडी-४० चं काय? त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे "पाणी हटवणारं" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. पण गिअरचं कायमचं वंगण म्हणून ते पुरत नाही. बंद रीलच्या फटीतून त्याचा फवारा मारला की हँडल काही दिवस मोकळं होतं आणि सुटलेला चिकटा आत दुसरीकडे जाऊन बसतो.

ड्रॅग विसरू नका

रील गुळगुळीत फिरायला लागलं की लोक खूश होऊन थांबतात. पण मासा निसटतो तो बऱ्याचदा ड्रॅगमुळे.

ड्रॅगमध्ये चकत्यांची चळत असते. एक धातूची, एक मऊ म्हणजे फेल्ट, फायबर किंवा टेफ्लॉनची, परत धातूची. काही चकत्या दांड्याला अडकतात, काही स्पूलला. त्या एकमेकींवर घासतात आणि ब्रेक लागतो. क्रम चुकला तर दोन स्थिर चकत्या शेजारी येतात आणि ब्रेक एकतर लागतच नाही, नाहीतर एकदम लॉक होतो.

टेफ्लॉनच्या चकत्या स्वच्छ आणि कोरड्या बसवा. फेल्टच्या चकत्यांना ड्रॅगसाठी मिळणारं ग्रीस अगदी थोडं लावा. दाबून काचेसारख्या कडक झालेल्या मऊ चकत्या बदला.

मग ड्रॅग मोजून लावा. बॅगेचं वजन करायचा लटकता काटा दोऱ्याच्या टोकाला बांधा आणि ओढा. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव भागावर स्पूल घसरायला लागला पाहिजे. ५ किलोच्या दोऱ्याला सव्वा किलो. घसरणं सलग हवं, झटके देत नको.

स्पूलवरचा जुना नायलॉनचा दोरा मात्र फेकायचाच, कारण तो ऊन आणि वयाने कमजोर होतो. पण अखंड फेकू नका. पक्ष्यांच्या पायांत अडकतो, म्हणून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. नवा दोरा भरताना स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

न उघडलेलं बरं, असं कधी?

रील मूळ खोक्यात, कागदांसकट, न वापरलेलं असेल तर आधी त्याची माहिती काढा. नुसतं जपून ठेवायचं असेल तर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसणं पुरतं. बॉडीला तडा असेल किंवा गिअरचा दात तुटलेला दिसत असेल तर तेही कपाटातच शोभेल. त्याने समुद्रावर मोठा मासा ओढायला जाऊ नका.

आणि विकत घेताना फक्त चकाकी बघून भुलू नका. स्पूल काढून दाखवा म्हणा. हँडल हळू, एका बोटाने फिरवा. सारखा जडपणा असेल तर बहुधा जुनं ग्रीस आहे, धुतलं की जाईल. प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी "टक" होत असेल तर दाताला इजा झालेली असू शकते. किंमत तशी सांगा.

पुढे काय?

समुद्रावरून आलात की ड्रॅग घट्ट करा म्हणजे आत पाणी जाणार नाही. रीलवर नळाचं पाणी हलकेच सोडा, बादलीत बुडवू नका. पुसून सावलीत वाळवा. वाळलं की ड्रॅग सैल करूनच ठेवा, नाहीतर मऊ चकत्या दबून राहतात.

वर्षातून एकदा झाकण उघडून बघणं पुरे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि धक्क्यावर जाणं तसंही होत नाही, तेव्हाची एखादी दुपार त्यासाठी ठेवा. काम झालं की तारीख आणि घातलेल्या ग्रीसचं नाव एका चिठ्ठीवर लिहून रीलच्या पिशवीत टाका. पुढच्या वेळी उघडणारा तुम्ही असाल किंवा घरातलं दुसरं कुणी, आत काय मिळणार आहे ते त्याला आधीच कळेल.